निखिलचं सर्च इंजिन

नवं ॲप न वापरताच त्याला नावं ठेवताय म्हणून सांगतो, माझ्या हातून काय झालं ते. माझा मावसभाऊ निखिल नोकरी सोडून नवं सर्च इंजिन बनवत होता. सगळं जग एकाच कंपनीचं वापरतं, आणि हा अरेरा कॉलोनीतल्या दोन खोल्यांतून तिच्यासमोर उभा राहिला. आम्हा दहा ओळखीच्यांना खाती उघडून देऊन म्हणाला, "दादा, महिनाभर हेच वापरा. चुका सांगा."

मी हो म्हटलं आणि विसरलो. महिन्याने बिट्टन मार्केटमध्ये भाजी घेताना भेटला.

"कसं वाटलं, दादा?"

"एकदम बढिया! काहीच खोट नाही."

"दादा, तुमच्या खात्यातून एकदाही काही शोधलेलं नाही. मला दिसतं ते. वाईट आहे म्हणाला असतात, तर सुधारलं तरी असतं."

लाजेनेच पंधरा दिवस गेले. मग एकदा गोविंदपुऱ्यातल्या आमच्या कारखान्यात मशीन बंद पडलं, तेव्हा तिथे ते दुरुस्त कोण करतं, हे मी निखिलच्या इंजिनला मराठीत विचारलं. पहिलाच पत्ता बरोबर निघाला. मी आनंदाने त्याला फोन केला.

"बरं झालं, दादा, आज बघितलंत," तो म्हणाला. "कुणी वापरतच नाही, म्हणून उद्या बंद करतोय."