चुका काढणारे मास्तर

सन्माननीय अध्यक्ष, मंचावरील मान्यवर, आज निवृत्त होणाऱ्या आमच्या टायपिस्ट बाई, आणि खुर्च्या अपुऱ्या पडल्या म्हणून भिंतीला टेकून उभे असलेले वाचकहो,

माझा चष्मा सापडत नाहीये. म्हणजे लिहून आणलेलं भाषण वाया गेलं. तुमचं नशीब थोर!

पंचवीस वर्षांपूर्वी आपलं विज्ञानकथांचं मासिक निघालं, तेव्हा सहा महिने वाचकाचं एक पत्र येईना. शेवटी मीच म्हटलं, "बाई, आपणच एक टाकू या." बाईंनी एक खडूस 'निवृत्त मास्तर' जन्माला घातले. त्यांनी आमच्याच कथेचे वाभाडे काढले: चंद्रावर हवा नाही, मग तुमच्या नायकाची शिट्टी ऐकली कुणी? झालं! पुढच्या महिन्यात चाळीस पत्रं. निम्मी मास्तरांच्या बाजूची, निम्मी त्यांच्या जिवावर उठलेली. आठशे प्रतींच्या वीस हजार झाल्या, त्या आमच्या यानांमुळे नव्हे हो, या भांडणामुळे!

गेल्या सोमवारी बाईंना विचारलं, "आता मास्तरांचं काय?" तर म्हणतात, "अहो, मी तिसऱ्या वर्षीच सोडलं. मला वाटायचं, तुम्हीच लिहिता!"

तेव्हापासून जिवाला चैन नाही. मग बावीस वर्षं दरमहा टाइप केलेलं पत्र पाठवतंय कोण? घरी बायकोला सांगितलं, तर "तुमच्या त्या यानांतलं मला काय कळतंय," म्हणून ती भाजी चिरायला बसली.

आज सकाळी मास्तरांचं हे पाकीट आलं. उघडायचा धीर होत नाही. बाईंबरोबर मास्तरही निघाले असतील तर? या मासिकाचे कान धरणार कोण? बाई, तुम्हीच वाचा. मोठ्यांदा.

काय? पुन्हा वाचा... "चष्मा कोटाच्या आतल्या खिशात ठेवलाय"?

अरेच्चा! आहे की!

मंडळी, हा कोट सकाळी माझ्या हातात कुणी दिला, ते आता मला स्पष्ट दिसतंय. पहिल्या रांगेत कार्यक्रमपत्रिकेमागे तोंड लपवून हसतेय.

अगं, तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंस तू. आणि मी तुला एकदाही विचारलं नाही, की या कथा वाचतेस का म्हणून. लाज वाटते मला.

बाई, मास्तरांना जन्म दिलात, तुमचे आभार. जिने त्यांना सांभाळलं, तिचे आभार मानायला मला फार उशीर झाला. बोलण्यात उणंअधिक झालं असेल तर सभेने पोटात घालावं. तू मात्र घालू नकोस. सगळ्या चुका पत्राने कळव, पहिल्या पानावर छापतो. फक्त या वेळी खाली तुझं नाव हवं.