अभिप्रायातील माया कोण

मी, श्रीमती रागिणी उत्तमराव गावंडे, वय ६८ वर्षे, सेवानिवृत्त मराठी शिक्षिका, राहणार अमरावती. अकोल्याच्या पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की, मला कोणी बोलावले नव्हते. बोलवायला हवे होते.

दर्यापूरच्या पार्बताबाई माझ्या थोरल्या नणंद. मागच्या महिन्यात अंगणात पडून त्यांचा खुबा मोडला. अकोल्याच्या एका खाजगी वैद्यकीय महाविद्यालयात शस्त्रक्रिया झाली. पाठीत भुलीची सुई द्यायच्या वेळी त्या घाबरल्या, तेव्हा निवासी डॉक्टर प्रीतम तायडे यांनी त्यांचा हात धरून ठेवला, असे त्यांनीच मला सांगितले.

या शिकणाऱ्या डॉक्टरांचा ऑनलाइन पोर्टफोलिओ असतो. केलेले काम, वरिष्ठांचे शेरे, रुग्णांचे अभिप्राय त्यात भरायचे आणि बाहेरगावच्या परीक्षकांनी ते वाचून डॉक्टर जोखायचा. घरी सोडताना डॉ. तायडे यांनी मोबाइल पुढे केला. त्यावर ‘रुग्णाच्याच शब्दांत’ अशी सूचना होती. नणंदबाईंनी सांगितले व मी टाइप केले ते असे: "मी लय भेली. डॉक्टरनं माया हाताले धरलं तं सोडलंच नाई. असा डॉक्टर पाह्यला नाई."

डॉक्टर म्हणाले, शुद्ध मराठीत लिहिता का. मी त्यांना सूचना पुन्हा वाचायला लावली.

पुढे संगणकाने त्याचे इंग्रजी केले. त्यात ‘मी फार घाबरले, डॉक्टरने मायाचा हात धरला तो सोडलाच नाही’ असा अर्थ निघाला. परीक्षकांनी महाविद्यालयाला कळवले, महाविद्यालयाने पोलिसांना. पोर्टफोलिओ रोखला गेला. तो सुटल्याशिवाय डॉक्टरांना सोमवारच्या परीक्षेला बसता येणार नाही.

त्या वॉर्डात माया इंगोले नावाच्या परिचारिका आहेत, म्हणून आज त्यांनाही बोलावले होते. त्यांनी माझ्यासमोर हवालदार किशोर यांना सांगितले, "हात कायचा, सरानं आजवर मान वर करून पाह्यलं नाई." त्यात तक्रारीचा सूर होता, पण कलम लागेल अशी ती तक्रार नव्हे. डॉक्टर त्या वेळी दारातच उभे होते.

मी खुलासा करते की, आमच्या वऱ्हाडात ‘माया’ म्हणजे ‘माझ्या’. हवालदार स्वतः मोर्शीचे. ते म्हणाले, "मॅडम, मले तं समजलं होतं. पण कागद इंग्रजीत आला ना." मी नणंदबाईंना फोन लावून दिला. हात धरलेली बाई कोण, असे विचारता त्या म्हणाल्या, "मीच. दुसरी कोन राहीन? लेकराले परीक्षेले बसू द्या, नाई तं वॉकर घेऊन ठान्यात येऊन बसीन."

खुलासा आजच महाविद्यालयाला पाठवण्याचे हवालदारांनी कबूल केले आहे. तो गेल्याशिवाय मी खुर्ची सोडणार नाही, हेही नोंदवावे.

हा जबाब चालू असताना मला खिडकीतून व्हरांडा दिसत होता. डॉ. तायडे व परिचारिका माया एकाच बाकावर बसले होते. डॉक्टरांनी मायाचा हात धरला होता. मायाने तो सोडवून घेतल्याचे मला दिसले नाही. याबाबत माझी काही तक्रार नाही.

माझा जबाब मला वाचून दाखवला. हवालदारांनी एके ठिकाणी ‘माया थोरल्या नणंद’ लिहिले होते, ते मी ‘माझ्या’ करून घेतले. व्हरांड्याच्या परिच्छेदातील माया मात्र तशीच ठेवली आहे. ती माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.