वेलीले वाळा

हसू नका बरं, पण कपाशी दरसाल दगा देत होती, तव्हा माह्या काकानं बाभुळगावच्या वावरात द्राक्षाच्या वेली लावल्या होत्या. मे महिन्यात कोवळे शेंडे करपू लागले. तसा काका कूलरवाल्या युसूफभाईकडून वाळ्याच्या जुन्या ताट्या घेऊन आला. वेलींच्या पश्चिमेला त्या बांधल्या अन् दिवसभर त्यांच्यावर पाणी मारू लागला, म्हणजे झळ थंड होऊन वेलींवर जाईल.

काकू पेटली. "बारा वर्षं झाले, मी कूलर मांगून राह्यली. मले पदराचा वारा, अन् वेलीले वाळा?"

काका म्हणे, "अवं, वेल मरते ना उन्हानं."

"अन् मी?"

दुसऱ्या दिवशी काकूनं आपली बाज उचलून वेलींतच टाकली. मंग काय, आम्ही पोट्टे, शेजारच्या बाया, खुद्द युसूफभाई, सारेच दुपारी तिथं. तशी थंडगार दुपार मले आजच्या एसीतही सापडत नाही.

वेली काही जगल्या नाहीत. काका ताट्या सोडाले लागला, तशी काकू बाजेवरूनच बोलली, "राहू द्या. वेल मेली. मी आहो अजून."

काकानं बादली उचलली अन् ताटीवर पाणी मारलं.