अर्धी गुंज

मी खाते म्हणे अफू! मी! तुम्हाला सांगते बायांनो, अफूच्या सरकारी ठेक्यावर रांगेत उभी राहिले की पुढचा मागच्याला कोपरानं ढोसतो, आणि मागचा हळूच म्हणतो, "रेवजी पाटीलनी धाकली सून शे ती. बिचारी." बिचारी! अरे, मिरच्या खुडून खुडून माझी बोटं पेटलेली असतात, डोळ्याला हात लावायची सोय नाही, आणि मी डुलत बसणार कुठे, कधी, कोणाच्या शेतात? पण मी खाते म्हणे...

खाणारा वेगळाच. खाणारे आमचे मामंजी. वीस वर्षं! सकाळी चार गुंजा, संध्याकाळी चार. गुंज माहीत आहे ना, ती लाल, काळ्या डोळ्याची बी, सोनार जिनं सोनं तोलतो? तेवढ्या भाराची गोळी म्हणजे एक गुंज. खाऊन झाली की मामंजी ओट्यावर बसल्या बसल्या असे डुलायचे की पाहुण्याला वाटायचं, आपलं बोलणं पटतंय म्हातार्‍याला.

आम्हीही काही म्हणत नव्हतो. डुलू दे. पण त्या साली नवी बैलजोडी घेतली, तापीपलीकडच्या एका माणसाकडून. मामंजी प्रकाशा गावाहून गाडी घेऊन निघाले, गाडीत माझी भिकू, चार वर्षांची. कासरा हातात धरला, आणि लागली डुलकी. आता बैलांना काय ठाऊक आपण विकले गेलोय? ते आपले निघाले आपल्या घरी. उतरले की सरळ नदीत! पाणी बैलांच्या पोटाला लागलं, गाडीच्या साटीखालून वर यायला लागलं, पोर ओरडून ओरडून निळी झाली, आणि हे घोरताहेत. पलीकडे जुन्या मालकाच्या दारात गाडी थांबली, तो बिचारा कंदील घासत बसलेला, धावत आला, तर मामंजी डोळे उघडून त्यालाच विचारतात, "तू मन्हा घरमा काय करी ऱ्हायना?"

हसा, हसा. मीही आज हसते. त्या दिवशी भिकूचा ओला परकर पिळताना हसले नव्हते. त्याच दिवशी ठरवलं, ही गोळी कमी करायची. बोलून नाही, गुपचूप. डबी कोनाड्यात असायची. मी रोज दोन गुंजांची चिमूट काढून घ्यायची आणि तेवढा काळा गूळ थापून ठेवायची. कोणाला पत्ता नाही. स्वतःवर खूश होते मी!

आठवड्यानं मामंजी आजारी. आजारी म्हणजे कसे? शिंका, शिंका, जांभया, नाकाडोळ्याला धार, पाय खाटेवर असे झाडताहेत की दोरी तुटली, आणि लोटा घेऊन परसात सारखी येजा, शेवटी लोटा न्यायचंही बळ नाही. "धनु, मन्हा जीव जाई ऱ्हायना वं." मी मनात म्हटलं, दोन गुंजांनी माणूस मरतो?

आत्याबाई, म्हणजे माझी सासू तापीबाई, रडत उठल्या, डबीतून चांगली बोराएवढी गोळी वळली, की एकदाचं बरं वाटू दे यांना. नेमका त्या दिवशी नवापूरकडचा दावीद कंपाउंडर गावात देवी टोचायला आलेला. मी त्याला हाताला धरून आणला, जात बघितली नाही, पदर बघितला नाही. त्यानं नाडी धरली, डोळ्याची बाहुली बघितली, गोळी बघितली, आणि एकदम आवाज चढवला.

"बाई, ती तोंडात घालू नका. यांची गोळी कोणीतरी कमी केलीय, शरीर जुना भार विसरलंय. आता एवढी दिलीत तर झोपतील, आणि उठणार नाहीत."

आत्याबाईंचा हात मामंजींच्या ओठाशी. मी झडप घालून मनगट धरलं. सासूचं मनगट! गोळी चुलीत गेली. मग दावीदनं विचारलं, कमी कोणी केली?  मी म्हटलं, मी, दोन गुंजा. तर आत्याबाई पदरात तोंड घालून म्हणतात, "मी बी दोन काढ्यात." आणि दाराआडून आमच्या मोठ्या जाऊबाई, कमलीबाई, कधी कशात पुढे न येणार्‍या, म्हणतात, "मी बी." म्हणजे बघा! तिघींनी तीनदा गूळ थापला, म्हातारा आठावरून दोनावर आला, आणि प्रत्येकीला वाटत होतं घर मीच सांभाळतेय.

दावीद कपाळाला हात लावून म्हणाला, "डबी एक, हात एक. ज्याचा हात असेल त्यानंच मोजायचं, आणि ज्याला द्यायची त्याला सांगून." तूर्त रोजच्या चार गुंजा दोन वेळा विभागून द्यायला लावल्या, पुढे दर पंधरा दिवसांनी अर्धी गुंज उतरवायची, फार त्रास झाला तर तिथंच थांबायचं, घाई नाही. वर मोहाची दारू एक घोट बी नाही, दोन्ही मिळून श्वास बंद करतात. मी डबी उचलली, कमरेला बांधली, आणि सगळ्यांसमोर म्हटलं, आजपासून हात माझा. म्हातारा गेला तर मला माहेरी घालवा. जगला तर कोणी बोलायचं नाही.

जगले. पण मला नाही जगू दिलं! अहो, माहेरून सोनाराचा काटा आणला, एका पारड्यात गुंजा, दुसर्‍यात गोळी, आणि समोर मामंजी, मांजरासारखी नजर लावून. "तुन्हा काटा खोटा शे!" कधी मेल्याचं सोंग, कधी भाऊबंदांपुढे, सून छळते. त्यांचा जुना सोबती चुडामण पागोट्याच्या घडीत गोळी आणायचा. मी पागोटंच उतरवून झटकलं. मग त्यानं बाटली आणली. "औषध शे वं पोरी." औषध उकिरड्यावर ओतलं, तर आमचा कोंबडा भर दुपारी तीनदा आरवला. पंधरा दिवस, अर्धी गुंज. पंधरा दिवस, अर्धी. मध्ये एकदा त्यांचे पाय फार ओढले तेव्हा महिनाभर थांबले. डबी एक, हात एक!

शेवटी राहिली अर्धी गुंज. ती काढली की म्हातारा थरथरायचा, घास उतरायचा नाही. दोनदा काढून बघितली, दोनदा परत दिली. दावीद म्हणाला, ऐंशीला टेकलेत, राहू द्या तेवढी, मोजून देताय ना? मग मी कशाला हट्ट करू? मला माणूस हवा होता, पैज नव्हती मारली. आता मामंजी जागे असतात, गाडी स्वतः हाकतात, आणि मागे भिकू गाणं म्हणत बसते.

पण जागा झालेला माणूस गप्प कसा बसेल? गेले चावडीवर, मिशीला पीळ देऊन सांगितलं, रेवजी पाटलानं अफू सोडली, स्वतःच्या जिद्दीवर! तिथं आबकारीचा कारकून बसलेला. त्यानं खूश होऊन मामंजींचा अफूचा पासच रद्द केला. पासाशिवाय ठेक्यावर अर्धी गुंजही मिळत नाही, आता मी काय करू, सांगा? चार माणसांत खरं सांगून पागोटं उतरवू त्यांचं? दुसर्‍या दिवशी तालुक्याला गेले, नवा पास मागितला. कारकून म्हणाला, "खाणार कोण? नाव?" म्हटलं, लिहा. धनुबाई. आणि दिला अंगठा.

म्हणून मी खाते म्हणे! खाते, जा!

काल सकाळची गोष्ट. काटा मांडला, अर्धी गुंज तोलली, मामंजींनी मुकाट्यानं तळहात पुढे केला, गोळी जिभेखाली सरकवली, माझ्या कमरेच्या डबीकडे बघितलं, आणि मोठ्या मायेनं म्हणाले,

"आते तू बी सोडी दे वं माय. मी सोडी दिन्ही ना?"