अस्वल नक्की झोपतं कधी?

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक जोडपं आणि त्यांची चिमुरडी नंबरची वाट बघत बसली होती. समोरच्या टीव्हीवर अस्वलाचं कार्टून लागलं होतं.

"बाबा, टीव्हीवाले खोटारडे आहेत! तुम्ही रात्री वाचता त्या पुस्तकात अस्वल बूट घालतं आणि लगेच झोपतं. इथे तर ते बूट घालून होडीतून चंद्रावर चाललंय!"

"टीव्हीवाले पदरचं घालतात गं, बाळा."

"अरे, पदरचं कसलं? पुस्तकात होडी आहे, चंद्रही आहे. तू पानं गाळतोस?"

"चिकटतात गं कधी कधी."

"रोज? आणि तीच?"

"दिवसभर राबून आल्यावर माझेच डोळे मिटतात. त्या अस्वलाला कुठे चंद्रावर नेऊ?"

"म्हणून त्याला बुटांसकट झोपवायचं? आणि वर टीव्हीवाल्यांना नावं ठेवायची? चोराच्या उलट्या बोंबा! लेकराला असं फसवतात का?"

"आई, बाबांना रागावू नको ना. ते निदान बूट तरी घालू देतात."

"म्हणजे?"

"तू वाचतेस तेव्हा अस्वल उठतच नाही."