काळी तीनमधला पाळणा

सरोजिनी : रेकॉर्डिंग? आपल्या अनुयाच्या लेकीचं बारसं, आणि पाळणा मोबाईलवर लावायचा?

इल्सियार : माझंच आहे ना, आई. याच चालीचं, कझानच्या रेडिओवरचं. चांगला आवाज आहे तो.

सरोजिनी : आणि हा समोर बोलतोय तो?

इल्सियार : हा घशाच्या ऑपरेशननंतरचा. वरचा सूर लागत नाही. रविवारी मराठी मंडळातल्या सगळ्या बायका येणार. त्यांच्यासमोर बाळाची मोठी काकू फाटक्या आवाजात गाणार?

सरोजिनी : अगं, तुझ्या मंदारचं जहाज सेंट पीटर्सबर्गला लागलं, तेव्हा तुझं गाणं ऐकून माझा पोरगा आठवडाभर जेवला नव्हता!

इल्सियार : तेव्हा मी गायिका होते. आता नुसत्या चाली बांधते. या पाळण्याचे शब्द तुमचे, चाल माझी. बास की.

सरोजिनी : ऐकव तरी. पेटी काढते. काळी पाच ना?

इल्सियार : ती जुनी पट्टी.

सरोजिनी : मग काळी तीन. पट्टी खाली आणली म्हणून कुणी फाशी देत नाही. हं, म्हण.

(इल्सियार गाते. मध्येच थांबते.)

सरोजिनी : अगं बाई, हा तर आपला भूप!

इल्सियार : आमच्या गावची चाल अशीच, पाच सुरांची. बाबा अ‍ॅकॉर्डियनवर वाजवायचे. कॉलेजात सर म्हणाले, रशियन गाणी लिही, तातार भाषेतली कोण ऐकणार? मी तातारच लिहिली. लग्नांत अजून गातात.

सरोजिनी : मग थांबलीस का?

इल्सियार : पुढे 'जो जो' आहे. वर जायचं. तोच सूर गेलाय.

सरोजिनी : 'जो जो' तू एकटी म्हणणार होतीस? वेडे, ते सगळ्या बायकांनी धरायचं असतं! इतक्या वर्षांत एक बारसं पाहिलं नाहीस?

इल्सियार : या घरात हे पहिलंच, आई.

सरोजिनी : ...खरंच गं. चुकलंच माझं.

इल्सियार : आमच्याकडे एक गाते, बाकीचे गप्प ऐकतात. मान असतो तो.

सरोजिनी : आमच्या बायका आणि गप्प? शेजारची चिनी मिसेस टॅनसुद्धा गाईल बघ.

अनुया (आतून) : इल्सियारताई, थांबलात का? हिचा डोळा लागत होता!

सरोजिनी : ऐकलंस? घे पुन्हा. वरचं आम्ही बघतो. का धरू काळी पाच?

इल्सियार : नको आई. काळी तीनच राहू द्या.