बुटांची करकर

तुटक्या पट्ट्याची चप्पल हातात धरून बाई बूट दुरुस्तीच्या दुकानात बसल्या होत्या. समोर नव्या कोटातले एक काका दुरुस्त झालेले बूट घालून दुकानभर फेऱ्या मारत होते.

“अरे, यांची करकर कुठे गेली?”

“काढली की, काका! टाच बसवताना आत पावडर भरली.”

“कोणी सांगितले होते तुला नसते उद्योग? परत आण ती.”

“लोक माझ्याकडे करकर घालवायला येतात हो.”

“आज माझ्या लेकीचं लग्न आहे.”

“मग बरंच झालं की! भर लग्नात करकरत फिरणार होतात?”

“लहानपणी जिन्यात हे बूट वाजले, की ती दाराआड लपायची. मग मी घरभर शोधत हिंडायचो.”

“आणि आज?” बाईंना राहवेना.

“आज वळून बघेल.”

“वळून कशाला? वडील तर शेजारीच असतात ना?”

काकांनी कोटाचं लावलेलं बटण काढून पुन्हा लावलं.

“शेजारी तिचे मामा असतील. मी मागच्या रांगेत.”

दुकानदाराने बूट मागून घेतले, आतलं अस्तर उचललं आणि पावडर फडक्याने पुसून काढली.

“चालून बघा.”

करर्र, करर्र.

“हां! हीच ती!” काका खुशीत बाहेर पडलेसुद्धा. दुकानदार चप्पल घ्यायला बाईंकडे वळला आणि तसाच दाराकडे धावला.

“काका! मधे गालिचा अंथरलेला असेल, तर त्यावरून जाऊ नका. कडेच्या फरशीवरून चाला!”